ओव्हर द कॅप: एनएफएल संघबांधणीची उघडी खातेवही

एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला, एखादा संघ पुढच्या तीन वर्षांत काय करू शकेल, हे नुसते सामने पाहून कळत नाही. त्यासाठी करार वाचावे लागतात. जेसन फिट्झजेराल्ड यांची ‘ओव्हर द कॅप’ ही वेबसाइट बत्तीसही संघांचे करार रकान्यांत मांडून देते, तेही फुकट. लीगशी तिचं काही नातं नाही. ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची दर वर्षी पाळीपाळीने होणारी निवड) आणि रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) यांचा लांब पल्ल्याचा विचार शिकायला याहून चांगलं साधन सध्या दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एक अडचण मात्र पहिल्याच भेटीत येते. नवखा माणूस इथे येऊन आधी पाहतो तो ‘या वर्षी कॅपमध्ये (संघाच्या पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेत) किती जागा आहे’ हा आकडा, आणि सगळ्यात कमी कामाचा आकडा नेमका तोच आहे. चालू वर्षाची जागा कुठलाही संघ दोन-चार सह्यांत वाढवू शकतो. त्याची किंमत उजवीकडच्या, म्हणजे पुढच्या वर्षांच्या रकान्यांत साचत जाते. ही साइट वापरायची तर डोळे उजवीकडे ठेवायची सवय लावून घ्यावी लागते. खाली जे लिहिलं आहे ते बरंचसं त्या सवयीबद्दलच आहे.

कॅल्क्युलेटर

साइटचा जीव यात आहे. संघ निवडला की खेळाडूंची यादी समोर येते. प्रत्येकाला कापायचं, विकायचं, करार फिरवायचा की वाढवायचा ते ठरवा, वरचा शिल्लक आकडा लगेच बदलतो. हाताला चाळा लागतो आणि पाच मिनिटांत कंगाल संघ श्रीमंत दिसायला लागतो. म्हणून पहिली पाच मिनिटं काहीच बदलू नका. आधी साधी शिल्लक आणि ‘इफेक्टिव्ह कॅप स्पेस’ यांतला फरक पाहा. दुसऱ्या आकड्यात रोस्टर 51 खेळाडूंपर्यंत भरण्याचा आणि ड्राफ्टमधल्या नव्या मुलांचा खर्च धरलेला असतो. मार्चमध्ये एखाद्या संघाकडे फक्त 38 खेळाडू असतील, तर त्याची साधी शिल्लक फुगलेली असते. ती फुशारकी मनावर घेऊ नका.

51 चा नियम असा. ऑफसीझनमध्ये रोस्टरवर 90 जण असले तरी कॅपमध्ये सर्वांत महागडे 51 करार मोजले जातात. बाकीच्यांच्या फक्त बोनसचे हप्ते आणि संघाचा डेड मनी (संघात नसलेल्या खेळाडूंपायी कॅपवर पडणारी रक्कम) त्यात धरतात. त्यामुळे नवा खेळाडू आला की यादीतला सगळ्यात स्वस्त खेळाडू 51 च्या बाहेर ढकलला जातो. समजा चौथ्या फेरीतल्या मुलाचा पहिल्या वर्षाचा कॅप-आकडा, म्हणजे कॅपमध्ये मोजली जाणारी रक्कम, 10.5 लाख डॉलर आहे आणि बाहेर गेलेल्याचा 8.4 लाख (2025 मधलं नवख्यांचं किमान वेतन). मग खरा खर्च झाला 2.1 लाखांचा. अख्ख्या ड्राफ्ट वर्गाची बेरीज करून ती शिल्लकीतून वजा करणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक आहे. सहाव्या-सातव्या फेरीतले पिक (ड्राफ्टमधल्या निवडी) ऑफसीझनमध्ये जवळजवळ फुकटच पडतात.

ही सवलत सप्टेंबरमध्ये संपते. मग 53 च्या 53, जखमींच्या यादीवरचे आणि 16 जणांचा सराव संघ, सगळे मोजले जातात. सराव संघाचाच खर्च 40 लाखांच्या आसपास जातो. त्यात ऑक्टोबरमध्ये दोन लाइनमन जखमी झाले की बदली माणसांचे पगार येतात. कॅल्क्युलेटरवर योजना आखताना ऑगस्टअखेर निदान 80 लाख ते 1 कोटी शिल्लक राहील असं पाहावं. शून्यावर आणून ठेवलेली सुंदर योजना नोव्हेंबरपर्यंत टिकत नाही. उरलेलं वाया जातं असंही नाही, कारण लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2011 च्या करारापासून न वापरलेली कॅप पुढच्या वर्षात नेता येते.

आता रिस्ट्रक्चर, म्हणजे करार फिरवणं. इथेच लोक वाहवतात. एका अनुभवी खेळाडूचा या वर्षीचा मूळ पगार 2.125 कोटी डॉलर आहे असं धरा. सात किंवा जास्त वर्षं खेळलेल्याचं 2025 चं किमान वेतन साधारण 12.5 लाख आहे. तेवढा पगार ठेवून उरलेले 2 कोटी साइनिंग बोनसमध्ये बदलले. बोनस खेळाडूला आधीच मिळतो, पण कॅपमध्ये तो हप्त्यांनी मोजतात, आणि हे हप्ते जास्तीत जास्त पाच वर्षांत पाडता येतात. कराराची तीन वर्षं उरली असतील तर शेवटी दोन व्हॉइड वर्षं जोडायची. ती फक्त हिशेबासाठी असतात, खेळाडू तेव्हा संघात नसतोच. हप्ता झाला 40 लाखांचा. या वर्षीचा आकडा 2.125 कोटींवरून 52.5 लाखांवर आला, म्हणजे 1.6 कोटी मोकळे झाले. खेळाडूचं काहीच जात नाही, उलट पगार आधी हातात पडतो. वाण्याच्या पाटीवर ‘आज रोख, उद्या उधार’ लिहिलेलं असतं. इथे खेळाडूला आज रोख आणि कॅपला उद्याची उधारी, दोन्ही एकाच सहीत.

आता उजवीकडे बघा. पुढच्या दोन वर्षांत दर वर्षी 40 लाख वाढले. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला करार आपोआप संपतो आणि उरलेले दोन हप्ते, 80 लाख, एकदम त्या वर्षावर आदळतात, तेही संघात नसलेल्या माणसापायी. हाच खेळ त्याच खेळाडूबरोबर लागोपाठ तीन वर्षं केला की हप्त्यांवर हप्ते चढतात आणि शेवटी तो इतका महाग होतो की कापता येत नाही आणि ठेवताही येत नाही. वय 31, दुखरा गुडघा, आणि करार असा की कापलं तर शिल्लक आणखी खाली जाते. कॅल्क्युलेटरवर रिस्ट्रक्चर करण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा खेळाडू आणखी दोन वर्षं नक्की खेळणार आहे का? पंचविशीतला लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा लाइनमन) असेल तर खुशाल करा. तिशीतला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) असेल तर त्या रकान्याला हात लावू नका.

‘कॅप वाढतच असते, उधारी आपोआप हलकी होते’ हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खरा आहे. 2022 मध्ये कॅप 20.82 कोटी होती, 2023 मध्ये 22.48, 2024 मध्ये 25.54 आणि 2025 मध्ये 27.92 कोटी. पण 2020 चे 19.82 कोटी 2021 मध्ये 18.25 वर आले होते. जवळपास प्रेक्षकांविना झालेल्या हंगामाचा तो परिणाम. ज्यांनी आधीच पुढचे रकाने भरून ठेवले होते, त्यांना त्या मार्चमध्ये चांगले खेळाडू सोडावे लागले. म्हणून पुढच्या वर्षांचे तक्ते वाचताना त्यात धरलेली कॅप हा अंदाज आहे हे विसरू नका. लीगचा पक्का आकडा येतो तो मार्चमध्ये लीगचं नवं वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर.

1 जूनचा पर्यायही नीट समजून घ्यावा लागतो. समजा खेळाडूचा पगार 1 कोटी आहे, बोनसचा हप्ता 60 लाख, आणि असे तीन हप्ते बाकी. मार्चमध्ये साधा कापला तर तिन्ही हप्ते याच वर्षी पडतात. डेड मनी 1.8 कोटी होतो आणि शिल्लक वाढायच्या ऐवजी 20 लाखांनी घटते. ‘1 जूननंतर’ असा शिक्का मारून कापला तर या वर्षी 60 लाख, पुढच्या वर्षी 1.2 कोटी, आणि आत्ता 1 कोटी सुटतात. वाचायला छान आहे, पण ते 1 कोटी मार्चमध्ये मिळत नाहीत. 2 जून उजाडेपर्यंत खेळाडूचा पूर्ण आकडा संघाच्या डोक्यावर राहतो. त्या पैशांतून मार्चमधला फ्री एजंट (कुठल्याही संघाशी करार नसलेला खेळाडू) घेण्याची योजना म्हणजे बाजारात तुरी. ते पैसे ड्राफ्टमधल्या मुलांच्या सह्यांना आणि हंगामातल्या खर्चाला कामी येतात. वर असे शिक्के एका संघाला वर्षाला दोनच. ट्रेडला, म्हणजे खेळाडू दुसऱ्या संघाला देण्याला, तर शिक्का लागतच नाही, व्यवहार प्रत्यक्षात 1 जूननंतर करावा लागतो. 2021 मध्ये अटलांटाने हूलिओ जोन्सला टेनेसीकडे पाठवायला जून उजाडू दिला, तो याचसाठी.

मोठ्या चुकीचा हिशेब पाहायचा असेल तर डेन्व्हरचं 2024 आणि 2025 चं पान उघडा. क्वार्टरबॅक (हल्ल्याची सूत्रं सांभाळणारा खेळाडू) रसेल विल्सनला सोडल्याचे 8.5 कोटी डॉलर दोन वर्षांत विभागलेले दिसतील, आधी सुमारे 5.3 कोटी आणि नंतर 3.2 कोटी. त्याला आणताना 2022 मध्ये दोन पहिल्या फेरीचे आणि दोन दुसऱ्या फेरीचे पिक, पाचव्या फेरीचा एक पिक आणि तीन खेळाडू सिअ‍ॅटलला दिले होते, ते वेगळंच. त्या पिकांतून सिअ‍ॅटलला चार्ल्स क्रॉस, बॉय माफे, डेव्हॉन विदरस्पून आणि डेरिक हॉल मिळाले. चौघेही नवख्यांच्या ठरावीक पगारावर. एका व्यवहाराच्या दोन्ही बाजू दोन पानांवर शेजारी ठेवून वाचता येतात, ही या साइटची खरी मजा आहे.

ड्राफ्टचं पान

प्रत्येक पिकाच्या कराराचा अंदाज इथे क्रमांकानुसार मिळतो. 2011 पासून नवख्यांचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेलेच असतात, त्यामुळे हे आकडे फारसे चुकत नाहीत. 2010 च्या पहिल्या पिकाला, सॅम ब्रॅडफर्डला, सहा वर्षांचे 7.8 कोटी मिळाले होते, त्यातले 5 कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नव्या नियमांत कॅम न्यूटनला चार वर्षांचे 2.2 कोटी मिळाले. आजची सगळी संघबांधणी त्या एका फरकावर उभी आहे. पहिला पिक तेव्हा जोखीम होता, आता सवलतीतला माल आहे.

सवलत सर्वांत मोठी कुठे असते तर क्वार्टरबॅकमध्ये. 2022 मध्ये 262 व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी 2023 च्या हंगामात सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला, तेव्हा त्याचा कॅप-आकडा 10 लाख डॉलरांच्याही खाली होता. मे 2025 मध्ये त्याने पाच वर्षांच्या 26.5 कोटींच्या करारावर सही केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या तक्त्यात त्या दोन टोकांमधली वर्षं बघितली की महागडे ट्रेंट विल्यम्स, ख्रिश्चन मॅकॅफ्री, निक बोसा एकाच वेळी कसे मावले ते कळतं. आणि याच संघाने 2021 मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी 12 वा पिक, आणखी दोन पहिल्या फेरीचे आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक मोजून तिसरा क्रमांक घेतला होता. एवढा फटका बसूनही संघ उभा राहिला, कारण शेवटच्या पिकाने लॉटरी लागली. याला कुणी धोरण म्हणू नये.

या पानावर 32 आणि 33 या क्रमांकांमधली रेघ नीट पाहा. दोघांच्या पगारात फारसं अंतर नाही. पण पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो, 33 व्यावर नाही. तिसऱ्या हंगामानंतर मेच्या सुरुवातीपर्यंत संघाने हो किंवा नाही सांगायचं. 2020 च्या करारानंतर ‘हो’ म्हटल्याक्षणी ती रक्कम पूर्ण हमीची होते, आणि ती किती हे प्रो बोल (निवडक खेळाडूंचा सन्मान) व मैदानावरच्या वेळेवर ठरतं. 2018 मध्ये बॉल्टिमोरने 52 वा, 125 वा आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा पिक देऊन फिलाडेल्फियाकडून 32 वा (आणि 132 वा) घेतला आणि लमार जॅक्सनला निवडलं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते एक जादा वर्ष सुमारे 2.3 कोटींना पडलं, म्हणजे बाजारभावाच्या बरंच खाली. म्हणूनच ड्राफ्टच्या पहिल्या रात्री शेवटच्या तीन-चार पिकांवर फोन खणखणत असतात.

दोन चार्ट, दोन कामं

साइटवर फिट्झजेराल्ड आणि ब्रॅड स्पीलबर्गर यांनी बनवलेला ड्राफ्ट मूल्यांचा चार्ट आहे. तो वापरताना जुना जिमी जॉन्सन चार्टही शेजारी लागतो, नाहीतर घोळ होतो. जॉन्सन चार्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, जॉन्सन डॅलसचे प्रशिक्षक असताना, तिथे तयार झाला. त्यात पहिल्या पिकाला 3000 गुण, दुसऱ्याला 2600, दहाव्याला 1300, सोळाव्याला 1000 आणि बत्तिसाव्याला 590. उतार अगदी कड्यासारखा. नव्या चार्टमध्येही पहिला 3000 चाच, पण दुसरा 2649 आणि दहावा 1833. पिकांना पुढे दुसरा करार केवढ्याचा मिळाला यावरून हे गुण काढले आहेत, म्हणून हा उतार सौम्य आहे.

लोक या दोहोंचं भांडण लावतात. वास्तविक त्यांची कामं वेगळी. जॉन्सन चार्ट आणि त्याच्या नव्या आवृत्त्या बाजारात काय भाव चालतो ते सांगतात. नवा चार्ट माल किती टिकतो ते सांगतो. समोरचा संघ तुमचा प्रस्ताव मान्य करेल का हे पाहायला पहिला घ्या, मान्य झाल्यावर फायदा कुणाचा झाला हे पाहायला दुसरा. नव्या चार्टवर बेतून कुणी पहिला पिक मागायला गेलं, तर फोन लगेच ठेवला जाईल.

काही जुने व्यवहार जॉन्सन चार्टवर तपासून बघू (कंसातले आकडे त्यातले गुण). 2017 मध्ये कॅन्सस सिटीने 27 वा (680) आणि 91 वा (136) देऊन बफेलोकडून दहावा (1300) घेतला आणि पॅट्रिक महोम्सला निवडलं. बेरीज 816, कमी पडले 484, ते 2018 च्या पहिल्या फेरीच्या पिकाने भरले. 2012 मध्ये वॉशिंग्टनने क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी सहावा (1600) आणि 39 वा (510) देऊन दुसरा (2600) घेतला. कमी पडले 490, म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण त्यासाठी दिले पुढचे दोन पहिल्या फेरीचे पिक, आणि त्यातला 2014 चा पिक पुन्हा दुसऱ्या क्रमांकाचाच निघाला. तेवढ्याच तुटीला एकाने एक मोजला, दुसऱ्याने दोन. गंमत अशी की त्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने 102 व्या क्रमांकावर कर्क कझिन्स या आणखी एका क्वार्टरबॅकला घेतलं होतं.

कॅरोलायनाचं 2023 चं उदाहरण याहून बोचरं आहे. शिकागोकडून पहिला पिक (3000) घ्यायला दिले नववा (1350) आणि 61 वा (292), बेरीज 1642. 3000 ला उरलेली तूट भरायला 2024 चा पहिल्या फेरीचा पिक, 2025 चा दुसऱ्या फेरीचा आणि रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) डीजे मूर. कागदावर भाव वाजवी वाटतो. पण नवव्या क्रमांकावर निवड करणारा संघ आपला उत्तम रिसीव्हर देऊन नवख्या क्वार्टरबॅकला मैदानात उतरवतो, तेव्हा त्याचा पुढच्या वर्षीचा पिक ‘मधला कुठलातरी’ धरणं चूक आहे. संघ 2-15 (2 विजय, 15 पराभव) झाला आणि तो पिक पहिला निघाला. शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतलं. म्हणून नियम साधा ठेवा. स्वतःचा भावी पिक देताना तो पहिल्या पाचांत येईल असं धरून हिशेब करा, दुसऱ्याचा घेताना विसाच्या पुढचा धरून.

भावी पिकांबद्दलची दुसरी गोष्ट म्हणजे बाजारातली सूट. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक या वर्षीच्या दुसऱ्या फेरीएवढा धरायचा, असा जुना रिवाज आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी या रिवाजातलं व्याज मोजलं, तर ते वर्षाला 136 टक्के निघालं. सावकारही लाजेल. नोकरी जाण्याच्या भीतीत असलेला जनरल मॅनेजर हे व्याज भरतो; ज्याची खुर्ची पक्की असते तो वसूल करतो. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. मैदानावरच्या एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता जेमतेम 52 टक्के असते. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी. तेव्हा क्वार्टरबॅक सोडून इतर जागांसाठी चार पिक देऊन वर चढणं बहुतेकदा तोट्याचं. क्वार्टरबॅकला हे लागू होत नाही. चार्टला खेळाडूची जागा कळत नाही, ही दोन्ही चार्टची उणीव आहे.

भरपाईचे पिक

निक कोर्टे यांनी या साइटवर चालवलेला हा विभाग इतरत्र कुठे एवढा नीट सापडत नाही. फ्री एजन्सीत कमावल्यापेक्षा जास्त गमावलेल्या संघाला लीग तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जादा पिक देते. एका संघाला जास्तीत जास्त चार, एकूण बत्तीस. पगार, मैदानावरचा वेळ आणि हंगामानंतरचे सन्मान यांवरून फेरी ठरते. लीग आपलं सूत्र जाहीर करत नाही, पण कोर्टे यांचे अंदाज त्याच्या बरेच जवळ असतात.

तक्ता वाचायची रीत अशी. एका बाजूला गेलेले खेळाडू, दुसऱ्या बाजूला आलेले, प्रत्येकासमोर त्याची फेरी. आलेला प्रत्येक जण आपल्याच फेरीतल्या गेलेल्याला खोडतो. त्या फेरीत कुणी नसेल तर खालच्या फेरीतल्याला. खोडून जे उरतं ते तुमचे पिक. इथे संघ कसे चुकतात? एप्रिलच्या सुरुवातीला गार्डचा राखीव खेळाडू म्हणून 50-60 लाखांत कुणाला तरी घेतात आणि त्यापायी भरपाईचा एक पिक नाहीसा होतो. तोच खेळाडू आधीच्या संघाने करार संपण्याआधी कापलेला असता तर काहीच खोडलं गेलं नसतं, कारण या हिशेबात फक्त करार पूर्ण होऊन सुटलेले मोजतात. ड्राफ्ट संपल्यावर काही दिवसांनी एक मुदत असते, त्यानंतरच्या सह्याही मोजत नाहीत. म्हणून मार्चमध्ये कापलेले अनुभवी खेळाडू घ्या आणि करार संपून सुटलेल्यांपैकी जे उरतील त्यांना मेमध्ये घ्या. बॉल्टिमोरने जनरल मॅनेजर ओझी न्यूसम यांच्या काळापासून हाच शिरस्ता ठेवला आणि 1994 पासून सर्वांत जास्त भरपाई पिक तिथेच गेले. 2017 पासून ते विकताही येतात, त्यामुळे त्यांचं मोल वाढलं.

2020 पासून आणखी एक वाट उघडली. अल्पसंख्याक समाजातला प्रशिक्षक किंवा अधिकारी दुसऱ्या संघाने मुख्य प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर म्हणून नेला, तर मूळ संघाला लागोपाठच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीअखेरचे पिक मिळतात. सॅन फ्रान्सिस्कोला याचा भरघोस लाभ झाला. लान्सच्या व्यवहारानंतरही त्यांची तिसरी फेरी रिकामी दिसत नाही, त्याचं एक कारण हे.

तीन वर्षांचा तक्ता मात्र स्वतः करावा लागतो

साइटची मोठी उणीव इथे आहे. प्रत्येक संघाचं वर्षवार पान आहे, जागेनुसार खर्च आहे, रोस्टरच्या वयाची आणि रचनेची माहिती आहे. पण ‘कोणती जागा कोणत्या वर्षी रिकामी होणार’ हे एका नजरेत दाखवणारं पान हाताने बनवावं लागतं. स्प्रेडशीट घ्या. आडव्या ओळींत 22 मुख्य जागा, तिसरा कॉर्नर आणि तिसरा रिसीव्हर धरून 24. उभ्या रकान्यांत चालू आणि पुढची दोन वर्षं. प्रत्येक चौकटीत खेळाडूचं नाव, त्या वर्षीचं वय, कॅप-आकडा आणि कापला तर पडणारा डेड मनी. डेड मनी कॅप-आकड्याहून जास्त असेल तिथे तांबडा रंग, म्हणजे तो हलणार नाही. जिथे करार संपतो तिथे पिवळा. तिशी ओलांडलेला लाइनमन किंवा अठ्ठाविशी ओलांडलेला रनिंग बॅक असेल तर करार असो वा नसो, पिवळाच.

आता ड्राफ्टची यादी पुढच्या वर्षाच्या पिवळ्या चौकटींवरून करा. चालू वर्षाच्या भोकांवरून करू नका, ती फ्री एजन्सीतल्या एक वर्षाच्या स्वस्त करारांनी बुजवायची असतात. फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर हाउवी रोझमन हे किती थंड डोक्याने करतात ते पाहा. सेंटर जेसन केल्सी खेळत असतानाच 2022 मध्ये 51 व्या क्रमांकावर कॅम जर्गन्सला घेतलं. दुसऱ्या वर्षी तो गार्ड म्हणून खेळला. मार्च 2024 मध्ये केल्सी निवृत्त झाला, जर्गन्स सेंटरला सरकला आणि त्या हंगामाअखेर संघाने सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीला 40-22 असं हरवलं. भोक पडण्याआधी दोन वर्षं ठिगळ तयार होतं.

त्याच संघाच्या पानावर दुसरी गोष्टही शिकण्यासारखी आहे. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा करार तिसरा हंगाम संपल्यावरच वाढवता येतो, आणि हा संघ त्या पहिल्या संधीला सही करतो. जेलन हर्ट्सने एप्रिल 2023 मध्ये पाच वर्षांच्या 25.5 कोटींच्या वाढीव करारावर सही केली, पण त्या वर्षीचा कॅप-आकडा जेमतेम 62 लाख होता आणि 2024 चा साधारण 1.36 कोटी. यातही उधारी आहे आणि पुढे ती चढत जाते. फरक एवढाच की ती पंचविशीच्या आतल्या क्वार्टरबॅकवर काढली आहे, आणि वर्षभर थांबले असते तर भाव आणखी चढला असता.

लॉस एंजेलिस रॅम्सचं पान याच तक्त्यात घालून बघण्यासारखं आहे. 2016 मध्ये जॅरेड गॉफनंतर त्यांनी थेट 2024 मध्ये, जॅरेड व्हर्सच्या रूपाने, पहिल्या फेरीत निवड केली. मधल्या काळात एक सुपर बोल जिंकला. ‘पिक गेले खड्ड्यात’ असं त्यांचं धोरण असल्याचं लोक म्हणतात. तक्ता तसं म्हणत नाही. पहिली फेरी विकली तरी मधल्या फेऱ्या त्यांनी धरून ठेवल्या. कूपर कप 69 वा, पुका नाकुआ 177 वा. स्वस्त करारांची तळाची ओळ भक्कम होती, म्हणून वरची दोन-तीन महागडी नावं पेलली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण क्लीव्हलंडचं. 2017 मध्ये त्यांच्याकडे कॅपमध्ये जागा पडून होती, म्हणून ह्यूस्टनकडून ब्रॉक ऑसवायलरचा 1.6 कोटींचा हमीचा पगार स्वतःवर घेतला आणि त्याबद्दल 2018 चा दुसऱ्या फेरीचा पिक मिळवला. तो 35 वा निघाला आणि त्यावर निक चब आला. मोकळी कॅप म्हणजे पिक विकत घेण्याचं चलन, हे एवढ्या उघडपणे क्वचितच कुणी दाखवलं. पुढे त्याच संघाने क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेरीचे पिक आणि 23 कोटींची संपूर्ण हमी दिली, तोही तक्ता याच साइटवर उघडा आहे. नवशिक्याने रिस्ट्रक्चरचा अभ्यास करायला त्याहून जळजळीत धडा नाही.

आणखी काय खटकतं

कॅल्क्युलेटरला मालकाच्या खिशाचा अंदाज नाही. पुढच्या वर्षांतल्या हमीच्या पैशांसाठी संघाला रक्कम आधीच वेगळी ठेवावी लागते, आणि प्रत्येक मालक ती सहज काढून ठेवेल असं नाही. पडद्यावर सुटणारं गणित म्हणूनच प्रत्यक्षात अडतं. मार्चमध्ये लीगचं नवं वर्ष सुरू झाल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी देय होणारे रोस्टर बोनसही खेळाडूच्या स्वतंत्र पानावर जाऊन तपासावे लागतात. त्या तारखेच्या आत कापलं तर पैसे वाचतात, नंतर कापलं तर जातात. कॅल्क्युलेटरमधलं ‘कापा’ ही तारीख तुम्हाला आठवून देईल या भरवशावर राहू नका.

स्पोट्रॅक ही दुसरी साइट अनेकजण वापरतात. रोखीचे आकडे आणि इतर खेळ पाहायचे तर ती बरी. दोन्हीकडचे आकडे कधीकधी किंचित जुळत नाहीत. मोठा निष्कर्ष काढण्याआधी दोन्ही उघडावेत. भरपाई पिकांसाठी मात्र ओव्हर द कॅपच.

फोनवर वापरणाऱ्यांना एक त्रास होतो. तक्ते रुंद आहेत आणि उभ्या पडद्यात डावीकडचे दोन-तीनच रकाने मावतात, म्हणजे नाव आणि चालू वर्षाचा आकडा. पुढची वर्षं पडद्याबाहेर जातात. फोन आडवा धरा, नाहीतर लॅपटॉप उघडा.